धर्माच्या गाईचे दात

९ सप्टेंबर २०१४ रोजी कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो गावात ॲपल कंपनीच्या नव्या फोनचं बारसं होतं. फोन दाखवून झाले, मनगटी घड्याळ दाखवून झालं आणि कार्यक्रम संपता संपता डब्लिनचे चार गृहस्थ मंचावर आले. चौघांचीही पन्नाशी उलटलेली. यू टू हा त्यांचा बँड. त्यांनी एक गाणं वाजवलं. मग गायक बोनो आणि ॲपलचे टिम कुक यांच्यात थोडा लटका संवाद झाला: हा नवा अल्बम जास्तीत जास्त लोकांपर्यंत कसा बरं पोचवावा? दोघांनी बोटाला बोट लावलं, उलटे आकडे मोजले आणि ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ हा अकरा गाण्यांचा अल्बम ११९ देशांतल्या ५० कोटी आयट्यून्स खात्यांत जाऊन पडला. एक पैसा न घेता, आणि कुणालाही न विचारता.

दिलेल्या दानात खोट काढणाऱ्याला आपल्याकडे ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ असं म्हणून गप्प बसवतात. इथे मात्र लोकांनी गाईचे दात मोजले नाहीत. गाय मुळात आमच्या गोठ्यात शिरलीच कशी, असा त्यांचा सवाल होता. त्या वेळच्या अनेक फोनांत जागा असायची सोळा जीबीची. त्यात पोराबाळांचे फोटो कोंबून भरलेले, आणि मध्ये हा आगंतुक. काहींच्या फोनमध्ये दुसरं एकही गाणं नव्हतं. गाडीत बसून ब्लूटूथ जोडलं की बोनो आपोआप गायला लागे. बरं, अल्बम यादीतून घालवायचा तर तो धड जाईना. शेवटी सहाव्या दिवशी ॲपलला तो काढून टाकण्यासाठी खास वेगळी सोय करून द्यावी लागली. अल्बम विकत घेण्यासाठी सोय करतात हे ठाऊक होतं. टाकून देण्यासाठी केलेली ही बहुधा पहिलीच.

सगळ्यात मोठा टोला विशीतल्या पोरांनी हाणला. त्यांनी निरागसपणे विचारलं, हे यू टू कोण? तोवर या मंडळींच्या खात्यात २२ ग्रॅमी पुरस्कार जमा होते. जवळजवळ चाळीस वर्षं घासून वाजवल्यावर एखाद्याने स्वतःच्या फोनमध्ये आपल्याला पाहून ‘काका, कोण पाहिजे?’ असं विचारावं, यापेक्षा शिवी परवडली.

ऑक्टोबरात ॲपलने हिशेब सांगितला. ८ कोटी १० लाख लोकांनी अल्बममधलं काही ना काही ऐकलं आणि २ कोटी ६० लाखांनी तो पूर्ण उतरवून घेतला. कोणत्याही बँडला हे आकडे ऐकून आनंदाने झोप येऊ नये. पण वजाबाकी करून पाहा. चाळीस कोटींवर माणसांनी हा अल्बम हाताशी असून ऐकला नाही. न ऐकण्याचा इतका मोठा विक्रम दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल असं वाटत नाही.

ज्यांना बँड ठाऊकच नव्हता त्यांचं सोडून देऊ. मला कुतूहल आहे ते जुन्या चाहत्यांचं. खरं तर त्यांनी पेढे वाटायला हवे होते. आधीचा अल्बम २००९चा. साडेपाच वर्षं ही मंडळी डोळे लावून बसलेली. आणि तरी त्यांचाच चेहरा सर्वांत उतरलेला. कारण त्यांच्या मनात एक सगळा सोहळा होता. आधी कुणकुण लागणार, मग नाव फुटणार, एक गाणं बाहेर येणार, त्यावर भांडणं होणार, मुखपृष्ठाला नावं ठेवून होणार आणि मग कुठे एके दिवशी दुकानात जाऊन तो हातात घ्यायचा. त्याऐवजी सकाळी उठून पाहतात तो अल्बम आलेला, आणि शेजाऱ्याकडेही आलेला. तीस वर्षं ज्याने निष्ठेने भक्ती केली त्याच्या पदरात जे पडलं, तेच बोनो हा बिस्किटाचा प्रकार आहे असं समजणाऱ्याच्याही पदरात पडलं. देव सर्वांना सारखाच पावतो हे तत्त्व म्हणून चांगलं आहे, पण पहाटेपासून रांगेत उभा राहिलेल्या माणसाला ते ऐकवू नये.

मुंबईत काळ्या घोड्याला ‘ऱ्हिदम हाऊस’ होतं तोवर आमच्या पिढीला हा सोहळा ओळखीचा होता. २०१६ साली ते दुकान बंद झालं. इंग्रजी कॅसेट हिंदीपेक्षा महाग. त्यामुळे ती घेण्याआधी मनात बरीच घालमेल, मित्रांशी खलबतं, अमक्याने ही घ्यावी आणि तमक्याने ती, मग अदलाबदल करावी असे करार. यातला खरा गंमतीचा भाग पुढचा. घरी येऊन लावली आणि आवडली नाही, तर? पैसे तर गेलेले. मग माणूस ती दुसऱ्यांदा ऐकतो, तिसऱ्यांदा ऐकतो. पाचव्या खेपेला दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं हळूच डोळा घालतं, आणि दोन महिन्यांनी तोच माणूस चारचौघांत सांगत सुटतो की लोकांना हा अल्बम कळलाच नाही. यू टूचे निदान दोन अल्बम माझ्या आवडीच्या यादीत या वसुलीच्या मार्गाने शिरले आहेत. फुकट मिळालेल्या अल्बमला ही सवलत नाही. त्याला मिळतात चाळीस सेकंद. तेवढ्यात त्याने जिंकावं, नाहीतर पुढे सरकावं.

आणि कुरकुर करायचा हक्क? तोही पैसे मोजूनच मिळतो. ‘पूर्वीची मजा राहिली नाही’ हे वाक्य तिकीट काढलेल्याच्या तोंडी शोभतं. फुकट जेवून आमटी आळणी म्हणायची म्हणजे आपलीच जीभ अडखळते. चाहत्याच्या हातातलं हे एकमेव हत्यार ॲपलने त्या रात्री बोथट करून टाकलं. मला वाटतं, त्या रागातला अर्धा राग या हत्याराचा होता.

यू टूच्या चाहत्यांना कुरकुरीचा दांडगा सराव आहे हेही सांगायला हवं. १९७६ साली लॅरी मुलन या शाळकरी पोराने डब्लिनच्या माउंट टेम्पल शाळेच्या फळ्यावर ‘वादक पाहिजेत’ अशा अर्थाची चिठ्ठी लावली आणि त्याच्या घरच्या स्वयंपाकघरात हा बँड जमला. अकरा वर्षांत ही पोरं ‘द जोशुआ ट्री’पर्यंत पोचली: वाळवंट, अमेरिका, धर्म, धडधडती गिटार, सगळं जग खिशात. चाहते म्हणाले, बस, आता असेच राहा. पण १९९० साली ते बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत जाऊन बसले, आपसांत इतके भांडले की बँड फुटायची वेळ आली आणि १९९१ला ‘आख्तुंग बेबी’ घेऊन बाहेर पडले. बोनोच्या डोळ्यांवर माशीच्या डोळ्यांसारखा काळा चष्मा, अंगात चामड्याचा पोशाख. आमचा साधा, तळमळीचा बोनो कुठे गेला, म्हणून कित्येकांनी हळहळ केली. हेच हळहळणारे आज त्या अल्बमचं नाव काढलं की कानाच्या पाळीला हात लावतात.

१९९७चा ‘पॉप’ तर कहरच. दौऱ्याच्या तारखा आधी ठरून बसलेल्या, अल्बम अर्धाकच्चा, त्यामुळे तो तसाच बाहेर काढावा लागला. दौऱ्याची घोषणा न्यूयॉर्कच्या एका स्वस्त मालाच्या दुकानात. मंचावर चाळीस फूट उंचीचं आरशांचं लिंबू. ते उघडायचं आणि आतून चौघे अवतरायचे. ऑस्लोमध्ये ते उघडलंच नाही. जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा बँड लिंबात अडकला आणि मागच्या बाजूने उतरून कसाबसा आपल्या जागेवर गेला. मग चाहते म्हणाले, अति झालं. म्हणून २००० साली बँड साध्या, सरळ गाण्यांकडे परतला, तर त्याच चाहत्यांपैकी काहींनी नाक मुरडलं: हे आता धोका पत्करत नाहीत. बदललात तर का बदललात, आणि नाही बदललात तर का नाही बदललात. संसारात याला प्रेम असंच म्हणतात.

या सगळ्या गदारोळात ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’मध्ये होतं काय, हे विचारायला फारसं कुणाला सुचलं नाही. नाव विल्यम ब्लेकच्या १७८९च्या कवितासंग्रहावरून घेतलेलं, आणि विषय बोनोचं पोरवय. उत्तर डब्लिनमधला सीडरवुड रोड, जिथे तो वाढला. रमोन्स बँडचं गाणं पहिल्यांदा ऐकून अंगावर आलेला काटा. १७ मे १९७४ची संध्याकाळ, जेव्हा डब्लिनमध्ये तीन मोटारींत बॉम्ब फुटले, मोनाहन गावात चौथा फुटला आणि ३३ माणसं गेली. आणि मध्यभागी आई. आयरिस तिचं नाव. त्याच वर्षी सप्टेंबरात, स्वतःच्या वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी ती कोसळली आणि काही दिवसांत गेली. बोनो चौदा वर्षांचा होता.

या आईशी त्याचं बोलणं कधीच संपलं नाही. १९८०च्या पहिल्याच अल्बमच्या पहिल्याच गाण्यात ती आहे. १९९३च्या ‘लेमन’ गाण्यामागे लिंबू रंगाच्या पोशाखातल्या तिची जुनी चित्रफीत आहे. चारच वर्षांनी मंचावर ते प्रचंड लिंबू आलं, हा योगायोग की आणखी काही ते मी सांगू शकत नाही. पण मागच्या दाराने उतरणाऱ्या त्या चौघांना मी तेव्हापासून जरा कमी हसतो. ‘पॉप’मध्ये तीच आई दणदणीत यंत्रतालावर येते. आणि २०१४ साली, चौपन्नाव्या वर्षी, बोनोने तिच्या नावानेच गाणं केलं. वीस वर्षांच्या पोराने आईविषयी गाणं वेगळं. चौपन्नाव्या वर्षी माणूस आपल्या आईपेक्षाही वयाने मोठा झालेला असतो, म्हणजे या आईपेक्षा तर नक्कीच, आणि तरी तिच्याशी बोलताना चौदाचाच असतो. हे गाणं ऐकायला थोडं थांबावं लागतं. ते नेमकं अशा ठिकाणी जाऊन पडलं जिथे लोक ते घालवायचं बटण शोधत होते.

जुन्या चाहत्यांची एक मागणी कायमची: पहिल्यासारखं करा. यांनी ती जरा जास्तच मनावर घेतली. पहिल्या अल्बमचं नावच ‘बॉय’ होतं, वर एका लहान मुलाचा चेहरा. नव्या अल्बमच्या दुकानात आलेल्या आवृत्तीवर ड्रमर लॅरी आपल्या अठरा वर्षांच्या मुलाच्या कमरेला मिठी मारून आहे. पोराने केलेल्या गाण्यांऐवजी पोराकडे वळून पाहणाऱ्या बापाची गाणी आली. चाहत्यांना मात्र तो पोरगाच हवा होता. त्यातही मेख अशी की त्यांना बोनोचं पोरपण नको होतं, स्वतःचं हवं होतं. कॅसेट आणताना अंगात असलेला शर्ट, लोकलची खिडकी, परीक्षेची भीती हे सगळं परत आणून देणं कुठल्याही निर्मात्याच्या हातात नसतं. इथे तर निर्माते चांगले पाच होते.

ते पाच जण हीच माझी या अल्बमबद्दलची तक्रार. (मी पैसे देऊन घेतलेली प्रत बाळगून आहे, तेव्हा बोलायला मोकळा आहे.) गाणी घरातली आणि त्यांना कपडे मात्र लग्नातले, कडक इस्त्रीचे. कुठेही सुरकुती म्हणून नाही. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने त्याला वर्षातला पहिल्या क्रमांकाचा अल्बम ठरवलं, इतर कित्येक समीक्षकांनी फेटाळून लावलं. चाहत्यांतही काहींना तो वीस वर्षांतला सर्वांत चांगला वाटला आणि काहींना रेडिओला खूश करायची धडपड. मला दोन्ही पटतं, कारण दोन्ही एकाच गाण्यात सापडतं. गंमत म्हणजे याच गाण्यांपैकी काहींचे साध्या वाद्यांवर, जवळजवळ बैठकीत बसून म्हणावेत तसे म्हटलेले अवतारही त्यांनी केले होते. ते ऐकताना इस्त्री उतरते, माणूस दिसतो. हे अवतार होते ऑक्टोबरात दुकानात आलेल्या मोठ्या, पैसे देऊन घ्यायच्या आवृत्तीत. म्हणजे ५० कोटींना फुकट वाटला तो गुळगुळीत अल्बम आणि मन उघडं केलं ते विकत घेणाऱ्यांपुढे. तोवर ऐकणार किती उरले होते? अमेरिकेच्या यादीत तो नवव्या क्रमांकावर आला. पहिल्या क्रमांकाची सवय असलेल्यांना ‘नववा’ म्हणजे आपल्याकडे काठावर पास.

त्याच महिन्यात बोनोने माफी मागितली. थोडा अहंकार, थोडं औदार्य, थोडी स्वतःची जाहिरात आणि इतकी वर्षं जीव ओतून केलेली गाणी कुणी ऐकणारच नाही अशी खोल भीती, अशी कारणं त्याने सांगितली. पहिली तीन कुठल्याही पुढाऱ्यात सापडतील. चौथं मला महत्त्वाचं वाटतं. या माणसाचं खरं नाव पॉल ह्यूसन. ‘बोनो’ हे मित्रांनी ठेवलेलं नाव डब्लिनमधल्या ‘बोनाव्हॉक्स’ नावाच्या दुकानाच्या पाटीवरून आलं, आणि ते दुकान होतं बहिऱ्यांना लागणाऱ्या श्रवणयंत्रांचं. ज्याच्या नावातच ऐकू न येणाऱ्यांची सोय आहे, त्याला उतारवयात आपण ऐकू जाणार नाही याची धास्ती वाटावी, हा विनोद नियतीने फार आधीपासून रचून ठेवलेला दिसतो.

२०२२ साली आलेल्या आत्मचरित्रात त्याने पुन्हा सगळा दोष स्वतःवर घेतला. ॲपलला त्यातून मोकळं केलं. लोकांच्या दाराशी दुधाची बाटली ठेवून यावी इतकाच आपला मनसुबा होता, पण आपण पार घरात शिरून त्यांच्या फ्रिजमध्ये दूध ठेवून आलो, असा त्याचा साधारण आशय. आमच्याकडच्या दूधवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. पिशवी कडीला अडकवतो, बेल मारतो आणि आपण दार उघडेपर्यंत पुढच्या जिन्यावर असतो. आणि पहिल्या तारखेला पैसे मागायला येतो, म्हणून तर दूध पातळ असल्याचं त्याला तोंडावर सांगता येतं.

१५ डिसेंबर २०१९ला हा बँड पहिल्यांदा भारतात वाजवायला आला, तो नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये. ‘द जोशुआ ट्री’ पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत वाजवायचा असा तो दौरा होता आणि नेरुळ हा त्याचा शेवटचा मुक्काम. ए. आर. रहमानही मंचावर आला. लोकांनी कित्येक हजार रुपयांची तिकिटं काढली होती, वाहतुकीत तासन्‌तास काढले होते, आणि बत्तीस वर्षांपूर्वीची गाणी तोंडपाठ म्हणत होते. मी आजूबाजूला पाहिलं तर पन्नाशीचे बाप डोळे पुसत होते आणि त्यांची मुलं चित्रफीत काढत होती. बँडची नव्हे, बापाची. या गर्दीतल्या किती जणांनी पाच वर्षांपूर्वी तो फुकटचा अल्बम फोनमधून पुसून टाकला असेल, असं माझ्या मनात आल्याशिवाय राहिलं नाही. ज्याला पैसे पडत नव्हते ते फेकलं आणि जे घरी पडून होतं तेच पुन्हा ऐकायला खिसा रिकामा केला. यात कुणाला विसंगती वाटेल, मला नाही वाटत. नेरुळला आम्ही आपण होऊन गेलो होतो.

बँडही शिकला, की थकला, कोण जाणे. २०२३ साली त्यांनी आपली चाळीस जुनी गाणी मंद करून, कपडे उतरवून नव्याने म्हटली. चाहते पुन्हा दुभंगले: काहींना म्हातारपणाचा शहाणपणा दिसला, काहींना झोप आली. त्याच वर्षी लास वेगासच्या ‘स्फिअर’ नावाच्या प्रचंड गोल सभागृहात त्यांनी ‘आख्तुंग बेबी’ संपूर्ण वाजवला. हाच तो अल्बम, ज्याच्यावर एके काळी ‘हे आमचे नव्हेत’ असा शेरा पडला होता. लॅरी दुखण्यामुळे घरी होता, त्याच्या जागी दुसराच ड्रमर. त्यावरूनही वाद झालेच. पन्नास वर्षांच्या संसारात वादाला विषय कमी पडत नाहीत.

माझा एक मित्र आहे, कॅसेटच्या करारातला जुना भागीदार. २०१४ साली त्याने तो अल्बम पहिल्या आठवड्यातच हाकलला होता आणि बोनोला जे म्हणायचं ते सगळं मराठीत म्हणून घेतलं होतं. गेल्या दिवाळीत त्याच्याकडे गेलो तर ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ची पांढरीशुभ्र तबकडी कपाटात. भरपूर पैसे मोजून, परदेशातून येणाऱ्या भाच्याच्या सामानातून मागवलेली.

“अरे, हा तर तुला नको होता ना?”

“फुकट नको होता,” तो म्हणाला. “आता घेतलाय. पण काय रे, या सीडरवुड रोडवाल्या गाण्यातली गिटार एवढी गुळगुळीत का करून ठेवलीय? आणि आईचं गाणं इतक्या पुढे कशाला घेतलंय? शेवटी नको का यायला? आणि ही दोन-दोन तबकड्यांची काय भानगड, तीन गाणी झाली की उठा, बाजू बदला, गुडघे दुखतात माझे.” हे सगळं सांगत तो उठला, बाजू बदलली, आणि मला म्हणाला, बस, आता हे पाचवं नीट ऐक, हे लोकांना कळलंच नाही.